नाचरी सुई

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज चिरंजीव ह्यांच्यासमोर ह्यांच्याबद्दल असा बोलला, जणू काही हे खोलीत नव्हतेच. म्हणून ही वही काढली. ज्या माणसाशी मी आयुष्यभर भांडले तो बोलत नाही, आणि जो बोलतो त्याच्याशी भांडलं की त्याचं ब्लडप्रेशर वाढतं. वहीला ब्लडप्रेशर नाही.

झालं ते असं. अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांचा उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि बोलणं सगळंच गेलं. बोलायला शिकवणारी एक बाई घरी येते. ती म्हणाली, ह्यांच्या हाताच्या ओळखीची एखादी वस्तू द्या. हे जन्मभर विमा कंपनीसाठी नुकसानीचे फोटो काढत फिरले. जळालेली गोदामं, चेपलेल्या मोटारी, पाणी शिरलेली दुकानं. घरच्या फोटोंतसुद्धा मी भरपाई मागायला उभी आहे अशीच दिसते. तेव्हा ओळखीची वस्तू म्हणजे कॅमेराच. कपाटाच्या वरच्या फळीवरून तो काढला, चिरंजीवाने बटणाएवढी बॅटरी आणली होती ती घातली, आणि ह्यांच्या मांडीवर ठेवला.

ह्यांनी तो डाव्या हाताने उचलला आणि डोळ्याला लावला. मग ह्यांनी कॅमेरा खाली घेतला, मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे बराच वेळ पाहिलं, आणि कॅमेरा ढकलून दिला. सूनबाईने झेलला म्हणून वाचला.

"बाबांना ते काय आहे हेच कळत नाहीये, आई," चिरंजीव म्हणाला. "कशाला उगाच त्यांना त्रास देतेस?"

मी कॅमेरा घेऊन आत डोकावले. आत कडेला एक बारीक सुई असते, उजेड किती आहे ते सांगणारी. ती वेड्यासारखी वरखाली नाचत होती.

"सुई नाचतेय," मी म्हटलं. "असल्या सुईवर कोण फोटो काढेल? म्हणून वैतागले ते."

तेव्हा त्याने सांगितलं. शुश्रूषागृहात नाव नोंदवलंय. महिनाअखेरीस एक खोली रिकामी होते. चांगली जागा आहे, बाग आहे, उचलायला दोन माणसं आहेत. "तू मागच्या महिन्यात त्यांना उठवताना पडलीस, आई." मी पडले नव्हते. मी खाली बसले होते, जरा जोरात.

"त्यांना काही कळत नाही असं तू म्हणतोस ना? मग मी ही सुई दुरुस्त करते, आणि ते तुझ्यासमोर फोटो काढतील," मी म्हटलं. चिरंजीव हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की आता दोन खोल्या बघाव्या लागणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे जाऊन आले. त्याने कॅमेरा हातात घेऊन खूप कौतुक केलं आणि परत दिला. "सुट्टे भाग मिळत नाहीत, बाई. शोकेसमध्ये ठेवा, छान दिसेल." शोकेसमध्ये ठेवायला सगळे टपलेलेच आहेत, कॅमेऱ्यालाही आणि आम्हालाही.

पण एक गोष्ट त्याने कामाची सांगितली. ह्या कॅमेऱ्याची मूळ बॅटरी पाऱ्याची, ती आता कुठेच बनत नाही. आत्ता घातलेली जरा जास्त जोर लावते. तिच्याऐवजी कानाच्या मशीनची घालून बघा, म्हणाला.

वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब कानाला मशीन लावतात. त्यांनी एक बॅटरी दिली आणि तिच्याबरोबर सरकारवरचं एक भाषण दिलं. घरी येऊन बॅटरीचा कागद सोलला, नळाचं जुनं वायसर लावून ती घट्ट बसवली. सुई मेलेली. वकीलसाहेबांना मनातल्या मनात नाही नाही ते बोलून घेतलं. चहा घेऊन परत बघते तर सुई उभी! ह्या बॅटरीला म्हणे कागद काढल्यावर थोडा वेळ हवा लागू द्यावी लागते. साहेबांना मनातल्या मनात सॉरी म्हटलं. सुई उभी आहे, पण कॅमेऱ्यावरची आकड्यांची चकती फिरवली की नाचतेच.

मुख्य गोष्ट राहिलीच. सकाळी मी पडदा सारला आणि हे बोलले! झटक्यानंतरचा पहिला शब्द. "साठ," म्हणाले. मग थांबून, "चार."

मी चिरंजीवाला फोन केला. तो म्हणाला, "चौसष्ट. तुझं वय असेल." मला चौसष्ट अजून पूर्ण व्हायची आहेत, पण ह्यांना माझा वाढदिवस कधीच लक्षात राहिला नाही, तेव्हा थोडंफार चालायचंच. दिवसभर मी काम करता करता उगाच हसत होते.

८ फेब्रुवारी, रविवार

दोघं आली होती. सूनबाईने मला न विचारता न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली. मी काही ती धरत नाही. संध्याकाळी एकदा धरली, पण ती पक्की बसलीय का ते बघायला.

दुपारी ह्यांना गॅलरीत उन्हात बसवलं. "पाचशे," हे म्हणाले, "सोळा." मी विचारलं, "कुणाच्या घराचा नंबर? की बस? कुठे जायचंय?" पाचशे सोळा नंबरची बस ह्या गावातून जात नाही. चिरंजीव म्हणाला, एखाद्या जुन्या क्लेमचा नंबर असेल. मी म्हटलं, मग क्लेम मंजूर झाला का तेही विचार. थोड्या वेळाने ढग आले तेव्हा "अडीचशे, आठ" झालं. एका जागी बसून माणूस किती नंबर आठवत असेल!

बोलायला शिकवणारी बाई आली होती, तिने मात्र सगळ्यावर पाणी ओतलं. आकडे, वार, शिव्या, ह्या गोष्टी डोक्यात वेगळ्या साठवलेल्या असतात म्हणे, त्या आपोआप बाहेर पडतात. त्यात अर्थ शोधू नका. चिरंजीवाने माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे कप उचलून आत गेले.

शिव्या आपोआप पडत असतील तर ह्यांच्या तोंडून एकही कशी पडली नाही? ह्यांचा शिव्यांचा साठा मला चांगला माहीत आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज कॅमेऱ्याची टोपी, म्हणजे वरचं झाकण, उघडली. उघडली म्हणजे उघडायला दुपार गेली. फिल्म गुंडाळायचा खटका आधी काढावा लागतो, आणि तो नुसता फिरवला तर फिरतच राहतो. खालून स्क्रू ड्रायव्हर अडकवून धरायचा आणि वरून फिरवायचा, ही अक्कल मला खूप उशिरा आली. स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये एकेका खणात ठेवले. एक स्प्रिंग टुणकन उडाली आणि नाहीशी झाली. तिला मी त्या वेळी जे म्हटलं ते माझ्या डोक्यात कुठे साठवलेलं होतं कोण जाणे.

लग्नाआधी मी रेडिओच्या कारखान्यात तारांना कथलाचा डाग द्यायला होते. लाइनीवर सगळ्या मुलीच. आमच्या बोटांतून गेलेला रेडिओ परत येत नसे. लग्न झाल्यावर ते सुटलं, पण हात विसरले नाहीत. डाग द्यायची जुनी सळई तापवून बघितली, कथलाचा वास आला आणि मी एकदम ताठ बसले.

आत काय आहे ते आता कळलं. वरच्या चकतीवर तीस, साठ, सव्वाशे, अडीचशे, पाचशे असे आकडे आहेत. कॅमेऱ्याच्या आतला पडदा किती झटकन उघडायचा-मिटायचा त्याचे. लेन्सच्या कड्यावर दोन, दोन-आठ, चार, पाच-सहा, आठ, अकरा, सोळा. भोक केवढं ठेवायचं त्याचे. दोन्ही आकडे उजेडाला जुळले की सुई मधोमध येते. चकतीखाली काळ्या पट्टीची एक गोल वाट आहे, तिच्यावरून पितळेची एक बारीक जीभ फिरते. रेडिओचा आवाज कमीजास्त करायच्या बटणात असते तीच गोष्ट. रेडिओ खरखरायला लागला की आम्ही काय करायचो? ती वाट पुसायचो. ही सुईसुद्धा नाचत नाही, खरखरतेय.

चकती कुठे होती ती खूण पेन्सिलीने करून ठेवली. काम नीटच करायचं.

मी मान खाली घालून बसले होते, तेवढ्यात हे "तीस, दोन-आठ" म्हणाले. मी म्हटलं, "हो हो, झालंच." बाहेर बघते तर अंधारून आलं होतं. दिवा लावला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

स्प्रिंग सापडली. ह्यांच्या चपलेत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

स्पिरिट आणि कापसाने ती काळी वाट पुसली. कापूस काळा झाला. बॅटरीच्या घरातली पांढरी भुकटी व्हिनेगरने काढली आणि खोडरबराने घासून पत्रा चमकवला. तरी सुई मधूनच दगा देत होती. मग भिंग लावून एकेक तार हलवून बघितली, आणि सापडली. वरून अख्खी, आत हिरवी पडून तुटलेली. टोकं मनात आलं तर एकमेकांना शिवतात, नाही तर नाही. ही तार आत्ताआत्ता तुटलेली नाही. वर्षानुवर्षं अशीच आहे.

म्हणजे हे इतकी वर्षं असल्या खोटारड्या सुईवर फोटो काढत होते! आणि विमा कंपनीने एक फोटो परत पाठवला नाही. नशीब जोरावर होतं म्हणायचं.

नवी तार लावली. डाग असा दिला की लाइनीवरच्या सुपरवायझर बाईने पाठ थोपटली असती. ती कुणाची पाठ थोपटायची नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज काही केलं नाही. ह्यांना खुर्चीतून पलंगावर घेताना पाठीत काहीतरी झालं. वकीलसाहेबांना खाली बोलवावं लागलं. ते ह्यांना उचलतील म्हणजे काय, त्यांनाच धरावं लागतं. आम्ही तिघं मिळून कसेबसे पलंगापर्यंत पोचलो. चिरंजीवाला सांगितलेलं नाही. वकीलसाहेबांनाही सांगू नका म्हटलंय, आणि त्यांना ऐकू गेलं असेल अशी आशा आहे.

खरं तर आज पहिल्यांदा वाटलं, बाग असलेली ती खोली वाईट नसेल. लिहून ठेवते, कारण उद्या मी हे कबूल करणार नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कॅमेरा जोडला. एकही स्क्रू उरला नाही. चकती बसवताना पेन्सिलीची खूण शोधली, तर ती मीच स्पिरिटने पुसून टाकलेली! अंदाजाने बसवली. चकती फिरवली, कडं फिरवलं. सुई शहाण्या मुलीसारखी वर जाते, खाली येते, आणि जिथे ठेवली तिथे राहते. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. हे हसले. अर्ध्याच तोंडाने हसतात, पण हसले.

आता सुई स्थिर आहे. स्थिर म्हणजे बरोबर असं काही नाही. आमचे चिरंजीवही स्थिर आहेत. कशाशी तरी ताडून बघायला हवं. सूनबाईला फोन केला. ती म्हणाली, तिच्या फोनमध्ये उजेड मोजायचं काहीतरी उतरवून घेता येतं. शनिवारी एकटीच येते म्हणाली. एकटी, हे तिने दोनदा सांगितलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सगळं जसं झालं तसं लिहिते.

मी कॅमेरा खिडकीसमोरच्या भिंतीकडे धरला. सूनबाईने शेजारी फोन धरला. हे आमच्या मागे खुर्चीत.

"साठ," हे म्हणाले. "चार."

"अहो, जरा थांबा," मी म्हटलं, "मोजतेय मी." सुई मधोमध आणली तर चकतीवर सव्वाशे आणि कड्यावर चार. "माझं सव्वाशे, चार. तुझं काय?"

सूनबाई फोनकडे बघत राहिली. मग तिने जाऊन पडदा अर्धा ओढला.

"अगं, उजेड कशाला घालवतेस?"

"तीस," हे म्हणाले. "चार."

"तुम्ही मधे मधे बोलू नका हो! आधीच माझं डोकं..." मी सुई परत मधोमध आणली. साठ, चार. "हं. आता तरी तुझा आकडा वाच."

"बाबांनी वाचला," ती म्हणाली.

मला तरी कळलं नाही. इतकी मी ढ. तिने फोन माझ्या डोळ्यांपुढे धरला. तीस, चार. मग तिने पडदा पूर्ण सारला, खसकन. ह्यांनी डोळे किंचित बारीक केले. "साठ, चार." फोनवर साठ, चार.

मी कॅमेरा घेऊन पलंगावर बसले.

त्यानंतर आम्ही दोघींनी ह्यांना चाकाच्या खुर्चीतून घरभर फिरवलं. गॅलरीत, स्वयंपाकघरात, जिन्याच्या तोंडाशी. न्हाणीघरातसुद्धा. हे दर वेळी एकदा सगळीकडे बघायचे, डोळे बारीक करायचे, आणि आकडे. फोन कधी अर्धा आकडा इकडे, कधी अर्धा आकडा तिकडे, बाकी ह्यांच्याबरोबर. एकटा माझा कॅमेराच दर वेळी एक आकडा पुढे होता. म्हणजे चकती मी एक दात पुढे बसवली होती. टोपी परत उघडली आणि चकती नीट बसवायला घेतली. ह्या वेळी सूनबाई फोन पुढे करायला लागली, मी म्हटलं, राहू दे तो. हे म्हणाले साठ, मी सुई मधोमध ठेवून चकती साठवर बसवली आणि स्क्रू आवळला.

त्या नाचऱ्या सुईकडे ह्यांनी कधी बघितलंच नव्हतं. नशीब कसलं, हा माणूस जळक्या गोदामात शिरायचा आणि नुसत्या डोळ्यांनी मोजायचा. मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही, हेही खरं.

सूनबाई जाताना दारात माझ्या गळ्यात पडून रडली. मी म्हटलं, रडतेस काय, त्याला सांग जा. ह्यांच्या डोक्यात खोली रिकामी झालेली नाही. माणूस राहतोय तिथे.

ती गेल्यावर एक गोष्ट लक्षात आली. साठ, चार म्हणजे माझं वय नव्हतं. आमच्या खिडकीतला सकाळचा उजेड होता.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

चिरंजीव आला. त्याने स्वतः पडदा ओढून बघितला, दिवा लावून बघितला, मालवून बघितला. हे बरोबर सांगत गेले. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो मघाशी आला तसाच थकलेला होता. डॉक्टरांना त्याने तिथूनच फोन लावला. डॉक्टर म्हणाले, शक्य आहे. जन्मभराची सवय असते, डोकं आपोआप करतं. त्यावरून बाकीचं शाबूत आहे असं धरता येत नाही.

"आपोआप!" मी म्हटलं. "तुला येतं का आपोआप?"

"आई," तो म्हणाला, "त्यांना उजेड ओळखता येतो. मान्य. तुला ओळखतात का ते?"

इतक्या वर्षांत त्याने मला गप्प बसवलं ते आजच. तो मुद्दाम लागेल असं बोलला नाही. त्याला खरंच माहीत हवं होतं, आणि मला वाटतं आपल्यालाही ओळखतात का हे त्याला विचारायचं होतं. वकीलसाहेबांनी पाठीची गोष्ट त्याला सांगितली आहे. रविवारी खोली ताब्यात मिळते. तो गाडी घेऊन येणार.

तो गेल्यावर मी ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "मी कोण?" म्हटलं. हे माझ्याकडे बघत राहिले. "सांगा ना. मी कोण?" ह्यांचे ओठ हलले. ह्यांनी माझ्यामागे खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तीस. दोन."

मला असा राग आला! "मरू दे तो उजेड!" मी ओरडले, आणि आत जाऊन भांडी घासली. घासलेली होती, तीच परत घासली.

मला माहीत नाही. हे मला ओळखतात की नाही, मला खरंच माहीत नाही. पण ओळखलं नाही म्हणून काय झालं? मी ओळखते ना ह्यांना. एकाने ओळखलं की घर चालतं. रविवारी येऊ दे त्याला गाडी घेऊन. गाडीत कोण बसतंय ते बघू.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुरुस्त केलेला कॅमेरा आज परत ह्यांच्या मांडीवर ठेवला. हे परत डाव्या हाताने उचलून डोळ्याला लावतात, खाली घेतात, उजव्या हाताकडे बघतात, आणि चेहरा कसनुसा होतो. आता मला काय म्हणावं! फोटो काढायचं बटण उजवीकडे असतं. सगळ्या कॅमेऱ्यांना उजवीकडेच असतं. त्या पहिल्या दिवशीही हे तेच सांगत होते, आणि मी सुईला दोष देऊन सगळा कॅमेरा खोलून बसले.

मी खुर्चीला खुर्ची लावून ह्यांच्या उजव्या अंगाला बसले. ह्यांच्या काखेखालून माझा हात घातला आणि बोट त्या बटणावर ठेवलं. हे डाव्या हाताने लेन्सचं पुढचं कडं, चित्र स्पष्ट करायचं ते, फिरवायला लागले. माझं बोट तसंच ठेवून मी बघत बसले. हे मान हलवत होते, पुटपुटत होते, कडं मागेपुढे करत होते. मग एकदम थांबले आणि अंग माझ्याकडे कलवून खांद्याने मला ढोसलं. मी बटण दाबलं. कटक!

फिल्म नव्हती. सूनबाईला आणायला सांगितली. दोन दुकानांत नव्हतीच, तिसऱ्यात मिळाली म्हणाली.

१ मार्च, रविवार

चिरंजीव सकाळीच आला. मी बॅग भरणार नाही हे मी आधीच सांगितलं होतं. त्याने स्वतः ह्यांचे शर्ट काढले, घड्या घातल्या, भरले. घड्या अगदी ह्यांच्यासारख्या घालतो. मी मदत केली नाही. सूनबाईनेही केली नाही, ती फिल्म भरत बसली.

बॅग दाराशी ठेवून तो म्हणाला, "निघूया?"

"आधी एक फोटो," मी म्हटलं.

"आई, प्लीज. त्यांच्याकडून काहीतरी करवून घेऊन तू..."

"मी काही करवून घेत नाही. तू तिथे दाराशी उभा राहा. एवढं कर आणि मग तुला काय करायचं ते कर."

तो उभा राहिला. एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात फोन, एका पायावरून दुसऱ्या पायावर. मी ह्यांच्या उजव्या अंगाला बसले, हात घातला, बोट बटणावर ठेवलं. सूनबाई माझ्या खुर्चीमागे. ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला नाही. आधी दाराकडे नुसतं बघितलं.

"तीस," म्हणाले. "चार."

मी चकती फिरवली, सूनबाईने आकड्यांचं कडं. मी आत डोकावून सुई बघितली. मधोमध. न नाचता. मग हे वाकले आणि डोळा लावला. डाव्या हाताने पुढचं कडं थोडं इकडे, थोडं तिकडे. वेळ लागत होता. चिरंजीवाचा फोन वाजला. त्याने मान खाली घातली.

ह्यांनी डोळा काढला. चेहरा लाल झाला होता. ओठ हलले, काही आलं नाही, परत हलले. मला वाटलं आता कॅमेरा ढकलणार. मी दुसऱ्या हाताने धरायला गेले, तर हे केवढ्याने ओरडले.

"हलू नको!"

आकडा नाही. खिडकीकडे बघून नाही. त्याच्याकडे बघून. आणि "नका" नाही, "नको". दुकानदारांना, मोटारवाल्यांना, सगळ्या जगाला हे "हलू नका" म्हणायचे.

चिरंजीव जागच्या जागी थिजला. फोन वाजून वाजून बंद पडला. ह्यांनी परत डोळा लावला, परत कडं मागेपुढे. तो शाळेतल्या फोटोत उभा राहायचा तसा हात बाजूला सोडून, हनुवटी वर करून उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गालावर यायला लागलं. बराच वेळ त्याने तसंच येऊ दिलं. मग पुसायला हात वर नेला.

"अरे हलू नको म्हटलं ना!" हे डोळा न काढताच ओरडले.

त्याने हात खाली घेतला. सूनबाई माझ्या मागे हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही, खुर्ची मात्र हलत होती. मग खांद्याचा ढोसा बसला आणि मी बटण दाबलं.

नंतर तो गॅलरीत जाऊन शुश्रूषागृहाला फोन लावून बोलायला लागला. गॅलरीचं दार त्याने लावून घेतलं होतं, काचेतून त्याची पाठ दिसत होती. सूनबाई म्हणाली, "काय सांगतायत ते ऐकू का?"

मी म्हटलं, "काही ऐकायची गरज नाही. तू इकडे ये."

मी बॅग उघडली आणि एकेक शर्ट तिच्या हातात दिला. आम्ही ते सगळे परत कपाटात लावले.